पाण्यात ठेवलेला घोडा

लोक देवाचा अनुभव सांगतात तेव्हा डोळे मिटून, हात जोडून सांगतात. मला तसं जमणार नाही, कारण मला जो काही अनुभव आला तेव्हा माझे हात जोडलेले नव्हते. मी रागावले होते. देवावर, नवऱ्याच्या साहेबांवर, आमच्या काकांवर, आजूबाजूच्या शहाण्यांवर, आणि खरं सांगायचं तर नवऱ्यावरही. इतकी रागावले होते की मार्गशीर्षात खंडोबाचं नवरात्र बसायच्या दिवशी मी कुलदैवत उचललं आणि पाण्याच्या घंगाळात ठेवून दिलं. याला भक्ती म्हणायचं की आगाऊपणा, ते वाचणाऱ्यानं ठरवावं. मी झालं तसं सांगते.

गोष्ट इंदूरची, मध्यभारत राज्य होतं त्या वेळची. आमचे हे जनावरांचे डॉक्टर. मी लग्न होऊन देवासहून आले तेव्हा ते संस्थानच्या पागेत नोकरीला होते. नव्या नवरीला फिरायला नेतात तसं मलाही लालबागेकडे नेलं, पण ते बाग दाखवायला नव्हे, एका घोडीचं नुकतं जन्मलेलं शिंगरू दाखवायला. माझ्या मैत्रिणींचे नवरे मोगऱ्याचे गजरे आणायचे. आमचे हे घरात आले की अंगाला तबेल्याचा वास, बाहीवर घोड्याचे केस, आणि तोंडात दिवसभराच्या घोड्यांच्या तक्रारी. कोणत्या घोड्याचं पोट दुखलं, कोणती घोडी तिची देखभाल करणाऱ्या मोतद्दारावर रुसली, हे मला रोज जेवताना ऐकावं लागायचं. मी म्हणायचे, "अहो, माझंही कधीतरी पोट दुखतं." त्यावर ते खो खो हसायचे. बोलका माणूस होता तो, हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

संस्थान विलीन झालं, पागा मोडली, घोडे कुठे कुठे गेले, आणि यांची नेमणूक शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात झाली. तिथे म्हशी, गाड्यांचे बैल, कुत्री, आणि टांग्यांचे घोडे. तेव्हा इंदूर टांग्यांवर चालायचं. स्टेशनापासून राजवाड्यापर्यंत आणि सियागंजात माल उतरवायला, जिकडे तिकडे टांगे. हे तिथेही रमले. टांगेवाले घरी येऊन हाका मारायचे, आणि हे जेवत्या ताटावरून उठायचे. मी चिडायचे, पण तो राग सुखाचा होता.

मग एका उन्हाळ्यात टांग्यांच्या घोड्यांमध्ये ग्लँडर्स नावाचा रोग शिरला. घोड्याच्या नाकातून घाण वाहते, अंगावर गाठी येऊन फुटतात, आणि ते माणसालाही लागू शकतं. त्याला औषध नाही. तपासायची रीत अशी की घोड्याच्या खालच्या पापणीत सुई टोचायची आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघायचं. डोळा सुजून चिपडांनी भरला असेल तर संपलं. मग कायद्याप्रमाणे तो घोडा मारायचा, खोल खड्ड्यात पुरायचा, वर चुना टाकायचा. घोडा वरून धडधाकट दिसत असला, सकाळी टांगा ओढून आला असला, तरी मारायचा. टांगेवाल्याला कसं पटणार? त्याला एवढंच दिसायचं की डॉक्टर आला, डोळ्यात सुई खुपसून गेला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन घोडा घेऊन गेला.

गोळी घालायला आधी एक शिपाई येत असे. एकदा त्या बिचाऱ्याचा नेम चुकला. घोडा किती वेळ तडफडत होता ते यांनी मला कधीच सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "यापुढे मीच करणार. निदान एका झटक्यात तरी जाईल." ज्या हातांनी शिंगरं जन्माला घातली, त्या हातात बंदूक आली. आणि शहरानं नाव ठेवलं, घोडेमार डॉक्टर.

त्याच सुमारास माझ्या स्वयंपाकघरातला गूळ संपू लागला आणि यांच्या कोटाच्या खिशात मुंग्या होऊ लागल्या. मी धुण्याच्या वेळी एकदा यांना चांगलंच फैलावर घेतलं. "लहान आहात का हो? खिशात गूळ घालून फिरता?" ते म्हणाले, "माझ्यासाठी नाही ग. घोड्याला देतो. तो चघळत असतो तेव्हा त्याचं लक्ष त्यात असतं. मग पंचा घालतो डोळ्यांवर." त्यानंतर गुळावरून मी एक अक्षर बोलले नाही.

पावसाळ्यात यांची झोप गेली. मग जेवण गेलं. रोग माणसाला लागू नये म्हणून कामावरून आल्यावर ते कार्बॉलिकच्या साबणानं हात धुवायचे, ते ठीक होतं. पण पुढे पुढे सुट्टीच्या दिवशीही धुवायला लागले. बोटांची कातडी फाटली, तरी धुणं थांबेना. दसऱ्याला टांगेवाले घोडे न्हाऊ घालतात, कपाळाला कुंकू लावतात, गळ्यात झेंडूच्या माळा घालतात. दर वर्षी त्यांच्यातले कितीतरी जण यांना सोनं द्यायला घरी यायचे. त्या वर्षी हे नवा सदरा घालून ओट्यावर बसले आणि अंधार पडेपर्यंत एकही टांगा आमच्या गल्लीत वळला नाही.

दिवाळीच्या आधी बातमी आली की यांचा कॉलेजातला मित्र, दुसऱ्या जिल्ह्यात यांच्यासारखाच जनावरांचा डॉक्टर, त्यानं आपला जीव दिला. तिथेही हाच रोग, हेच काम. खात्यातले लोक म्हणाले, घरगुती कारण असेल. हे त्याच्या घरी जाऊन आले, पायही न धुता ओट्यावर बसले आणि म्हणाले, "त्याला कुणी काही विचारलंच नाही ग." हे त्यांचं शेवटचं धड वाक्य. त्यानंतर घरात नुसतं "हं", "नको" आणि "ठेव".

आता माझ्या रागाचं ऐका. यांचे वरचे साहेब एकदा घरी आले. मला वाटलं, विचारपूस करायला आले असतील. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले, "डॉक्टर, दिल थोड़ा पत्थर का रखो. जानवरों का डॉक्टर और इतना नाज़ुक? काम वक्त पर होना चाहिए, बस." मी चहा मुद्दाम बिनसाखरेचा दिला. त्यांनी तो मिटक्या मारत संपवला, वर आणखी मागितला. माणसांच्या डॉक्टरला दाखवलं, तर त्यानं नाडी बघून टॉनिक लिहून दिलं आणि हवापालट करा म्हणाला. शेजारणींनी सांगितलं, दृष्ट काढा. काढली. मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. आळीभर खोकला झाला, दृष्ट काही निघाली नाही. आणि येणारा जाणारा प्रत्येक जण एकच पालुपद म्हणायचा, "अहो, जनावरंच तर आहेत!" असं वाटायचं की या लोकांना धरून एकेकाला त्या खड्ड्याच्या काठावर उभं करावं आणि म्हणावं, बघा, हे जनावरच तर आहे.

राग याचाही होता की तो ठेवायला जागा नव्हती. रोग खरा होता. कायदा बरोबर होता. घोडे मारले नसते तर आणखी घोडे आणि उद्या माणसंही गेली असती. टांगेवाल्यांचं रडणंही खरं होतं. मग ओरडायचं कुणावर? आणि या सगळ्याखाली भीती होती. यांच्या मित्राची बायको मला डोळ्यांसमोर दिसायची. मला वाटायचं, हा माणूस एका सकाळी नेहमीसारखी पिशवी घेऊन निघेल आणि परत यायचाच नाही. ते परसात गेले तरी मी काहीतरी निमित्त काढून मागे जायचे. त्यांनाही ते कळत असणार, पण तेही त्यावर बोलले नाहीत.

आमचं कुलदैवत खंडोबा. देव्हाऱ्यात चांदीचा टाक आहे, बोटाएवढा. घोड्यावर बसलेला खंडोबा, पायाशी कुत्रा. सासूबाई असताना त्या गमतीनं म्हणत, आपल्या देवाचं वाहन आणि राखणदार, दोघंही माझ्या लेकाचे पेशंट. आमचं घर थोरल्या पातीचं, म्हणून चंपाषष्ठीला मल्हारगंजातले आमचे चुलत सासरे, काका, त्यांच्या मुलांना घेऊन आमच्याकडे तळी उचलायला येत. तळी म्हणजे ताम्हनात भंडारा, नारळ, विड्याची पानं ठेवायची आणि पाच जणांनी मिळून हात लावून देवापुढे उचलायची. पाचाशिवाय तळी होत नाही.

त्या वर्षी काका नवरात्राच्या आदल्या दिवशी एकटेच आले. झोपाळ्यावर बसून म्हणाले, "देखो सूनबाई, मी साफ बोलतो, बुरा नका मानू. खंडोबाचं वाहन म्हणजे घोडा. आता ज्याच्या हातून इतके घोडे गेले, त्याच्या घरी तळी? बिल्कुल शोभत नाही. समाजात लोक काय बोलतात ते मला ऐकावं लागतं. यंदा टाक माझ्याकडे द्या, मी सगळं व्यवस्थित करतो. आणि बेटा, तू मनाला लावून घेऊ नको, हां?"

हे समोरच बसले होते. मला वाटलं, आता तरी भडकतील. पण त्यांनी आपल्या फाटलेल्या बोटांकडे बघितलं आणि मान हलवली. "न्या," एवढंच म्हणाले. मग मला उमजलं की दिवाळीपासून हा माणूस देव्हाऱ्यासमोर का येत नव्हता. काका बोलले ते यांच्या मनात आधीच बसलं होतं.

मी काकांना म्हटलं, "टाक मिळणार नाही." ते म्हणाले, "सूनबाई, फालतू ज़िद करू नका." मी म्हटलं, "काका, चहा झाला असेल तर या आता." सासरच्या वडीलधाऱ्या माणसाशी मी जन्मात असं बोलले नव्हते. ते चपला घालून निघून गेले, आणि हे उठून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी घट बसवायची वेळ झाली. मी देव्हाऱ्यासमोर बसले आणि माझा तोल गेला. आमच्याकडे घरात कुणी फार आजारी असलं की देव पाण्यात ठेवतात. माणूस बरा झाला की मगच काढायचे. बायका हे रडत, विनवण्या करत करतात. मी दातओठ खात केलं. तांब्याचं घंगाळ माजघरात मध्यभागी आणून दणकन आपटलं, काठोकाठ भरलं आणि खंडोबाला म्हटलं, "ऐटीत घोड्यावर बसता, जवळ कुत्रा बाळगता. या दोघांना काही झालं की कुणाला बोलावणार? आमच्या काकांना? ज्यानं घोड्याला मरतानासुद्धा गूळ भरवला, त्याला तुमच्यासमोर यायची लाज वाटते आणि तुम्ही अंगाला भंडारा फासून मजेत बसलात! बसा आता पाण्यात. हा माणूस आपणहून बोलेपर्यंत काढणार नाही. चंपाषष्ठी आली नि गेली तरी नाही." आणि टाक सोडला. गणपती, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेची काही चूक नव्हती, त्यांना कोरडंच ठेवलं.

देव पाण्यात ठेवले की मनाला धीर येतो म्हणतात. मला कसला धीर येतो! येताजाता ते घंगाळ दिसायचं आणि नव्यानं संताप यायचा. हेही त्याच्या कडेनं जायचे, एक नजर टाकायचे, पुढे जायचे. कामावर जाऊन यायचे आणि बसून राहायचे. रोज दिवा लावताना मी घंगाळाकडे बघून म्हणायचे, "अजून नाही ना? मग बसा."

चंपाषष्ठीची सकाळ उजाडली. थंडी कडाक्याची होती. देव पाण्यात, तळीला माणसं नाहीत, तरी मी चुलीत वांगी भाजायला घातली. चातुर्मासात सोडलेलं वांगं त्या दिवशी देवाला दाखवून खायचं, आणि इतक्या वर्षांची सवय असलेले हात थांबतात थोडेच! हे सुट्टीमुळे घरीच, आतल्या खोलीत. तेवढ्यात ओट्याखालून हाक आली, "डॉक्टर साब!"

दारात जाऊन बघते तर रमजानभाई टांगेवाला. श्रावणात याची शबनम नावाची घोडी यांनी मारली होती. त्या संध्याकाळी तो आमच्या दारात उभा राहून रडत ओरडला होता की या घरात दिवा लागायचा नाही. तो परत आलेला बघून माझी सगळी भीती रागाच्या रूपानं बाहेर पडली. "अब क्या रह गया?" मी ओरडले. "दिया बुझाने आए हो? वो तो बुझ ही गया है. जाओ, सबको बता दो!"

तो दोन पावलं मागे सरला. "भाभीजी, मैं लड़ने नी आया. डॉक्टर साब को बुलाने आया हूँ. नई घोड़ी ली है. कल से पाँव नी टेक री."

"दवाखाने में दूसरे डॉक्टर हैं. उनको ले जाओ."

"दूसरे को हाथ नी लगाने दूँगा मैं."

"का?" मी मराठीतच किंचाळले. "तुमच्या शबनमला कुणी मारलं? यांनीच ना?"

त्यानं डोक्याचा फेटा काढून हातात घेतला. इतका वेळ वर बघत होता, तो आता पायरीकडे बघत बोलू लागला. "मारा तो बीमारी ने, भाभीजी. उस दिन मैं गालियाँ दे रिया था, और वो मेरी शबनम के कान में कुछ बोल रिए थे. गुड़ खिलाया उसको. अपने गमछे से आँखें ढँकीं. फिर मेरेको बोले, रमजान, तू उधर देख. मैंने मुँह फेर लिया. बहुत दिन तो गुस्सा ही रहा. फिर एक दिन खयाल आया कि मैंने तो मुँह फेर लिया, पर उनको तो देखना पड़ा. सबका उन्हीं को देखना पड़ा. उनको किसने बोला होगा कि तू उधर देख?"

इतक्या महिन्यांत साहेब, डॉक्टर, काका, शेजारी, सगळे येऊन गेले होते. ही एक गोष्ट कुणाच्या तोंडून आली नव्हती. माझ्याही नाही. आतल्या खोलीत खाटेचा आवाज झाला, पण बाहेर कुणी आलं नाही.

रमजानभाईची नजर माझ्या मागे माजघरात गेली. घंगाळ उन्हाच्या कवडशात होतं आणि तळाशी टाक चमकत होता. आमच्याकडचा टाक टांगेवाल्यांना माहीत होता, घोडेवाले बाबा म्हणायचे ते. "ये क्या? घोड़ेवाले बाबा को पानी में काहे को बिठाया?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. यांचं न बोलणं, काकांचं बोलणं, माझी शपथ, सगळं. मी ओरडत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो गोंधळला. शेवटी चाचरत म्हणाला, "वो तो ठीक है, भाभीजी. देवता से आपका झगड़ा है. पर घोड़े का क्या कसूर?"

आणि मागून आवाज आला.

"खरंच ग. किती दिवस घोडा पाण्यात उभा केलायस. खूर सडतात अशानं."

हे दारात उभे होते. दाढी वाढलेली, केस विस्कटलेले. बोलले तेही डॉक्टरच्या आवाजात, अगदी पूर्वी मोतद्दारांना रागवायचे तसं. मी वळून बघते तोवर ते घंगाळापाशी खाली बसले होते. बाह्या वर केल्या. पाण्यात हात घालताना क्षणभर थांबले, आपल्या बोटांकडे बघितलं, मग घातला. टाक बाहेर काढला, खांद्यावरचा पंचा घेतला, तोच पंचा, आणि पुसायला लागले. आधी घोड्याचे पाय पुसले. एकेक, चारही. मग घोड्याचं पोट, मान. मग कुत्रा. देव सगळ्यात शेवटी. पुसता पुसता त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग ते रडले. दिवाळीपासून, पावसाळ्यापासून, त्या पहिल्या घोड्यापासूनचं सगळं रडले.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सहज दाराकडे बघितलं तर रमजानभाईनं पाठ फिरवली होती. फेटा छातीशी धरून तो रस्त्याकडे तोंड करून उभा होता, आणि आत सगळं शांत होईपर्यंत तसाच राहिला.

हे उठले, टाक देव्हाऱ्यात आपल्या हातानं ठेवला, कोट घातला, पिशवी घेतली. मग मला म्हणाले, "गूळ आहे का ग?" गूळ म्हणजे काय ते मला माहीत होतं. माझा चेहरा बघून त्यांना समजलं. "नाही, तसलं काही नाही. नवी घोडी आहे. पहिली ओळख, तोंड गोड नको करायला?" मी गुळाची ढेपच पुढे केली. ते म्हणाले, "अग, घोडी आहे, हत्ती नव्हे." आणि मी रडता रडता हसले.

दुपार टळली तेव्हा परत आले. येईपर्यंत माझा जीव टांगणीला होता, हे कबूल करते. नालबंदाकडून नालेचा खिळा आत रुतला होता, खुरात पू झाला होता, तो काढल्याबरोबर घोडीनं पाय टेकला, हे त्यांनी मला भाकरी खाताना सांगितलं. मग घोडीचा स्वभाव सांगितला. मग तिचे दात सांगितले. भरीत थंड झालं आणि मी त्यांना एकदाही थांबवलं नाही.

दिवेलागणीला रमजानभाई घोडी उभी राहिल्याचं सांगायला आला. बरोबर त्याचे दोन सोबती होते, तेही टांगेवाले, आणि त्यांतल्या एकाचा घोडाही याच साथीत गेलेला. हे म्हणाले, "आलाच आहात तर थांबा. हात लावायला माणसं हवीत." ताम्हन तयार केलं. हे, रमजानभाई आणि ते दोघे, चार झाले. पाचवा कोण? यांनी माझ्याकडे बघितलं. "तू धर. देवाशी सगळ्यात जास्त तूच बोललीस." बाईनं तळीला हात लावावा की नाही यावर लोक वाद घालतात. मी तो घातला नाही. पाच जणांनी ताम्हन उचललं, येळकोट येळकोट जय मल्हार म्हटलं. त्या तिघांना शब्द येत नव्हते, ते यांच्या मागून म्हणत होते, आणि भंडारा पाचही कपाळांना लागला.

काकांना कळायचं ते कळलंच. तणतणत आले, मुसलमानांनी तळी उचलली म्हणून. मी म्हटलं, "काका, खंडोबाला मुसलमान भक्त मल्लूखान म्हणतात ही गोष्ट तुम्हीच मला नवी नवरी असताना सांगितली होती. त्यानं काही मनाला लावून घेतलं नाही, तुम्हीही घेऊ नका, हां?" पुढच्या वर्षी ते मुलांना घेऊन मुकाट्यानं आले. उभं राहायला त्यांना मागची जागा मिळाली.

एका दिवसात सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. रोगाची साथ आणखी बराच काळ चालली. घोडे मारावे लागले. यांना वाईट दिवस येत राहिले, हात धुणं सुटायला फार वेळ लागला, एकदा तर पुन्हा बोलणं बंद होतं की काय असं वाटलं. पण आम्ही एक रीत पाडली. ज्या दिवशी तसलं काम असेल त्या दिवशी सकाळी ते मला सांगायचे, आणि गुळाचा खडा मी माझ्या हातानं फोडून द्यायचे. संध्याकाळी आले की मी विचारायचे, "आज कोण?" ते घोड्याचं नाव सांगायचे, मग सगळं सांगायचे, आणि मी ऐकायचे. ऐकायला जड जायचं, पण मी तोंड फिरवलं नाही. खात्यात नवे डॉक्टर आले की हे त्यांना घरी जेवायला आणायचे. पोरगेलेसे, हसतमुख असायचे. मी त्यांना वाढताना कसं चाललंय असं कधी विचारलं नाही, कारण त्याला सगळे ठीक म्हणतात. मी विचारायचे, आज काय बघावं लागलं? कुणी कुणी ताटावर हात तसाच ठेवून रडायला लागायचे. यांच्या मित्राला एखाद्या घरी असं ताट मिळालं असतं तर, हा विचार माझ्या मनातून कधी गेला नाही. ज्यांनी त्याचं घरगुती कारण म्हणून टाकलं त्यांच्यावरचा माझा रागही गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

रमजानभाई त्या सकाळीच का आला, घोडीचा पाय आदल्याच दिवशी का दुखावला, हे मला विचारू नका. मी देवाला धमकी दिली होती. त्यानं ती ऐकून घेतली, एवढंच मला माहीत आहे. शरण जाणं म्हणजे मान खाली घालून गप्प बसणं, असं मी लहानपणापासून ऐकत आले. मला ते पटत नाही. गप्प बसलेला माणूस मी घरात बघितला होता, तो शरण गेलेला नव्हता, तो बुडत होता. मी माझा सगळा राग, जो कुठेच ठेवता येत नव्हता, तो उचलून देवाच्या अंगावर टाकला आणि म्हटलं, आता तूच बघ. माझं शरण जाणं ते एवढंच. त्यानं रागही ठेवून घेतला आणि मला माझं माणूस परत दिलं. त्याचे उपकार मी कशानं फेडणार?

हे पुष्कळ जगले. टांगे गेले, रिक्षा आल्या, हे पेन्शनीत निघाले, मोतीबिंदू झाला, तरी रस्त्यात घोडा दिसला की थांबून त्याच्या पायांकडे बघायचे. गेले ते म्हातारे होऊन, आपल्या अंथरुणात, माझा हात हातात धरून. जाताना मी त्यांच्या तोंडात तुळशीपत्राबरोबर गुळाचा एवढासा खडा ठेवला आणि डोळ्यांवर हात ठेवला. मी तोंड फिरवलं नाही.

अजूनही चंपाषष्ठीला टाकाला अंघोळ घालते. पाण्यात फार वेळ ठेवत नाही. बाहेर काढला की त्यांचाच जुना पंचा घेते आणि आधी घोड्याचे पाय कोरडे करते.